खाटेचा ताबा

नानांनी फोन उचलला तेव्हा त्यांच्या अर्ध्या गालावर साबण होता. पलीकडून एक कंटाळलेला आवाज म्हणाला, "एक खाट रिकामी झाली आहे. संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत मुलीला आणून दाखल करा. नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीला देऊन टाकू."

नानांची बायको मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर होती. त्यामुळे खाट रिकामी झाल्याचे निरोप त्या घराला नवे नव्हते. पण ते निरोप बायकोसाठी असत आणि त्यात नानांच्या स्वतःच्या मुलीला दाखल करण्याचा उल्लेख कधी नसे.

"काय झालंय तिला?" त्यांनी विचारलं.

"कोणाला?"

"माझ्या मुलीला!"

"ते आम्हाला काय माहीत? अर्ज तुम्हीच केलाय ना?"

"मी? तिला दाखल करा म्हणून?"

"मग काय आम्ही केला?"

नानांनी वळून बघितलं. त्यांची मुलगी टेबलापाशी बसून चहात बिस्किट बुडवत होती, आणि बुडवलेलं बिस्किट तुटून कपात पडू नये म्हणून मान वाकडी करून ते खालून झेलत होती. इतकी धडधाकट मुलगी त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. तिला घरात सगळे खारू म्हणत, कारण लहानपणी ती खाऊ गालात दडवून फिरायची. खारूच्या कानावर "दाखल" हा शब्द पडला मात्र, ती खुर्चीवरून उडालीच. तिनं वडिलांच्या हातातून फोन ओढून घेतला. "मुलींचं वसतिगृह ना? हो, मीच ती. अर्ज मीच भरला होता, बाबांच्या नावानं. येतो. नक्की येतो. प्लीज कोणाला देऊ नका!"

मग तिनं घरभर एक चक्कर मारली, वडिलांच्या साबण लावलेल्या गालाचा पापा घेतला आणि तोंड पुसत म्हणाली, "बाबा, चला!"

तिचं कॉलेज शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. जायला दोन बस, यायला दोन बस. परवाच ती परतीच्या बसमध्ये गाढ झोपली आणि थेट आगारात जाऊन जागी झाली. तिथल्या झाडूवाल्यानं तिला उठवलं नसतं तर बसबरोबर तिचीही धुलाई झाली असती. तेव्हा खाट मिळाली ही आनंदाचीच गोष्ट होती. आनंदाचीच आहे, असं नानांनी स्वतःला बजावलं आणि उरलेली दाढी करताना हनुवटी कापून घेतली.

आता इथे नानांविषयी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल. नाना पोस्टातल्या पार्सल विभागाचे मुख्य होते. खिडकीपाशी आलेलं पार्सल ते आधी दोन्ही हातांनी हलवून बघत, मग कानाशी नेत, आणि मग चष्म्यावरून त्या माणसाकडे असं बघत की त्यानं पार्सल नव्हे, काहीतरी पाप बांधून आणलंय. "पत्ता एकाच बाजूला? आणि ती बाजू फाटली की?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. लोक रडकुंडीला येत. अशा माणसाच्या पोटच्या मुलीचं सामान साध्या बॅगेत कोंबून न्यायचं म्हणजे उभ्या खात्याचा अपमान.

बायकोनं मात्र वॉर्डातून फोनवर हुकूम सोडला होता. "अहो, नीट ऐका. एक बॅग, एक वळकटी. टॅक्सीत मावेल तेवढंच. पाहुण्यांची गादी अजिबात नेऊ नका, हॉस्टेलच्या खाटा अरुंद असतात. मला आज सुटी मिळणार नाही. एवढं एक काम नीट करा."

"एवढं एक" हे शब्द नानांना लागले. त्यांनी बाकीची कामं कधी नीट केली नव्हती, असा त्यातून अर्थ निघत होता.

तरी ते बॅग आणि वळकटीवरच थांबले असते. पण तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे कर्नल खाली आले. कर्नल लष्करात कधी नव्हते. ते एका साबणाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. पण मिशा आणि आवाज यांच्या जोरावर इमारतीनं त्यांना हा हुद्दा देऊन टाकला होता आणि त्यांनी तो निवृत्तीनंतरही सोडला नव्हता.

"वळकटी?" कर्नलांनी ती पायानं ढोसून बघितली. "नाना, पोरीच्या पाठीचा प्रश्न आहे. उद्या मणके गेले तर तुमची ती वळकटी काय करणार?"

"पण खाट अरुंद असते म्हणे."

"म्हणे! कोणी मोजलीय? गादी रुंद असली तर दुमडता येते. अरुंद गादी ओढून रुंद होत नाही."

या युक्तिवादात कुठेतरी खोट होती, पण नानांना ती सापडेना. गादी निघाली. गादी टॅक्सीत मावणार नाही हे उघड होतं, म्हणून टेम्पो ठरला. कर्नलांच्या ओळखीचा एक टेम्पोवाला होता, तो त्याच बाजूला जाणार होता. आणि टेम्पो येतोच आहे तर मग अभ्यासाचं टेबल का नको? टेबल आहे तर खुर्ची हवी. खुर्ची आहे तर टेबलावरचा पंखा. बादली हवीच, मग बादलीच्या पोटात बसेल म्हणून इस्त्री. कर्नलांनी स्वतःच्या घरातून एक वेताचं शेल्फ आणून दिलं. त्याचा एक पाय आखूड होता आणि त्यांच्या बायकोनं ते कित्येक दिवसांपासून घराबाहेर काढायला सांगितलं होतं, ही गोष्ट त्यांनी बोलून दाखवली नाही.

"बाबा, मी लग्न होऊन चालले नाहीये," खारू म्हणाली. ती मघापासून दारातून आत आणि आतून दारात करत होती. "ऑफिस बंद होईल!"

"पॅकिंगमध्ये घाई करायची नसते," नाना म्हणाले. त्यांनी पोस्टातली जाडी सुई काढली, जुन्या पांढऱ्या चादरी फाडल्या आणि बॅग, वळकटी, गादी, सगळ्याचे गठ्ठे शिवायला घेतले. टाके असे पडत होते की बघत राहावं. कर्नल बघत राहिले. खारूला मात्र बघवेना. ती जिन्यात जाऊन बसली आणि नखं खाऊ लागली.

मध्येच बायकोचा फोन आला. "किती सामान झालं?"

"एक बॅग, एक वळकटी," नाना म्हणाले. हे खरंच होतं. त्या सामानात एक बॅग आणि एक वळकटीसुद्धा होती.

टेम्पो आला तेव्हा त्याच्या मागच्या बाजूला आधीच माणसं झोपलेली दिसली. पांढऱ्या कापडात नखशिखांत गुंडाळलेली, ओळीनं, एकावर एक. कर्नलांच्या मिशासुद्धा खाली आल्या.

"घाबरू नका," टेम्पोवाला म्हणाला. "पुतळे आहेत. कपड्याच्या दुकानाचे. वाटेतच उतरवायचेत. तुमचं सामान वर टाकू की!"

"आणि हे काय?" नानांनी पुढच्या सीटवरच्या खोक्याकडे बोट दाखवलं.

"डोकी. ती वेगळी येतात. जरा मांडीवर घेऊन बसाल का? नाजूक माल आहे."

अशा रीतीनं नाना समारंभाचा काळा कोट घालून (रेक्टरबाईंवर छाप पडावी म्हणून तो मुद्दाम काढला होता) मांडीवर डोक्यांचं खोकं घेऊन निघाले. खोकं छोटं होतं आणि डोकी जास्त होती, म्हणून एक गुळगुळीत टक्कल वर येऊन नानांच्या छातीला टेकलं होतं. मध्ये खारू. ती सारखी घड्याळ बघत होती, आणि घड्याळ बघून झालं की त्या टकलाकडे बघून तोंडात ओढणी कोंबत होती.

सिग्नलला गाडी थांबली. शेजारी एक स्कूटर येऊन उभी राहिली. स्कूटरवर नानांचे पोस्टमास्तर होते. त्यांनी नानांकडे बघितलं. मग टकलाकडे. मग पुन्हा नानांकडे. नाना हसले. अशा प्रसंगी हसू नये हे त्यांना हसून झाल्यावर कळलं. सिग्नल सुटला आणि साहेबांनी स्कूटर मिळेल त्या गल्लीत वळवली.

कपड्यांच्या दुकानापाशी टेम्पो उभा राहिला तेव्हाच बायकोचा फोन वाजला.

"कुठे पोचलात? टॅक्सीत आहात ना?"

टेम्पोचं इंजिन अख्खं गाव हादरेल असं धडधडत होतं. टॅक्सीचा आवाज असा नसतो, हे हॉस्पिटलातल्या माणसालाही कळलं असतं. नाना खाली उतरले आणि फोन हाताच्या ओंजळीत धरून झपाझप कोपऱ्यावर गेले. खारूही पाय मोकळे करायला उतरली होती आणि दुकानाच्या काचेतून आतलं घड्याळ बघत होती, कारण स्वतःच्या घड्याळावरचा तिचा विश्वास उडाला होता. नाना कोपऱ्यावर उभे राहून बायकोला ट्रॅफिक, हवा आणि ड्रायव्हरचा स्वभाव याविषयी सविस्तर सांगत होते, तेवढ्या वेळात दुकानातली माणसं आली, त्यांनी वरचे वरचे पांढरे गठ्ठे उचलले आणि आत नेले. टेम्पोवाला डोक्यांचं खोकं घेऊन त्यांच्यामागे गेला. सगळं कसं झटपट झालं. नाना परत आले तेव्हा मांडी मोकळी झाली म्हणून त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी मागे वळून बघितलंच नाही.

वसतिगृहाच्या फाटकाशी टेम्पोवाल्यानं खुर्ची, टेबल, शेल्फ, बादली आणि उरलेले पांढरे गठ्ठे फुटपाथवर उतरवले, "पुढचं भाडं आहे" म्हणाला आणि धूर सोडून नाहीसा झाला.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं एक गठ्ठा दाबून बघितला. मग दुसऱ्या जागी दाबला. मग तो दोन पावलं मागे सरला.

"यात काय आहे?"

"गादी," नाना म्हणाले.

"गादीला गुडघा आहे."

नानांनी खाली वाकून बघितलं. कापड त्यांच्या चादरीसारखंच पांढरं होतं, पण शिवण? शिवण नव्हतीच, नुसती सुतळी होती, आणि तीही अशी ढिली की पार्सल खिडकीवर त्यांनी ती तोंडावर फेकली असती. सुतळी सोडली तशी आतून एक रुंद छातीचा, पिळदार दंडांचा, मुंडकं नसलेला गृहस्थ बाहेर आला. अंगावर काही नव्हतं.

"पुरुष आत चालत नाहीत," पहारेकरी म्हणाला.

"अहो, हा पुरुष नाही. पुतळा आहे!"

"पुतळा कोणाचा आहे?"

"दुकानाचा."

"तसं नाही. बाईचा की बाप्याचा?"

नानांनी घाईघाईनं दुसऱ्या गठ्ठ्याची सुतळी सोडली. त्यातूनही तसलाच गृहस्थ निघाला. फाटकाच्या आत मुली जमू लागल्या. खारू कपाळाला हात लावून उभी होती. "बाबा," ती हळूच म्हणाली, "गठ्ठ्यांवर पत्ता घातला होतात ना?"

नानांनी पत्ता घातला नव्हता. एकाही बाजूला नाही. जन्मभर ज्यांनी लोकांना एका पत्त्यासाठी पळता भुई थोडी केली होती, त्यांनी स्वतःच्या मुलीचं अंथरूण, पांघरूण आणि कपडे बिनपत्त्याचे जगात सोडून दिले होते. त्यांनी फक्त चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. पुतळे तसेच होते.

टेम्पोवाल्याचा नंबर कर्नलांकडे होता. कर्नलांचा फोन सारखा व्यस्त लागत होता. नाना आणि खारू कसे निघाले, याचं सविस्तर वर्णन ते इमारतीत मजल्यामजल्याला ऐकवत असावेत.

वडिलांना जिथपर्यंत मुभा होती त्या तळमजल्यावरच्या दालनात रेक्टरबाईंचं ऑफिस होतं आणि ऑफिससमोर बाक. त्या बाकावर एक चष्मेवाल्या बाई बसल्या होत्या, शेजारी त्यांची मुलगी, आणि दोघींच्या पायाशी एक बॅग आणि एक वळकटी. सामान इतकं नेटकं, इतकं बेताचं की जणू नानांच्या बायकोनं स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं.

"तुम्हीच का ते?" बाई म्हणाल्या. "आमचा यादीत तुमच्यानंतर नंबर आहे. तुम्ही आला नाहीत तर खाट हिला मिळेल, असं कळवलंय. म्हणून येऊन बसलोय." हे त्यांनी इतक्या सभ्यपणे सांगितलं की नानांना त्यांचा रागही येईना. बाई शाळेत मराठी शिकवत, हे त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांची मुलगी मान खाली घालून बॅगेचा पट्टा गुंडाळत आणि सोडत होती.

"आम्ही आलोय," नाना म्हणाले.

रेक्टरबाई बाहेर आल्या. बाई ठेंगण्या होत्या, पण त्यांच्या गळ्यातल्या किल्ल्यांच्या जुडग्याला भारदस्तपणा होता. "येणं म्हणजे ताबा नव्हे," त्या म्हणाल्या. "मागे एकीनं नुसती येऊन सही केली आणि महिनाभर राहायला आलीच नाही. तेव्हापासून नियम केलाय. खाटेवर अंथरूण पडलं, तर ताबा. ऑफिस बंद होईपर्यंत. कुठाय अंथरूण?"

नानांनी बाहेर बघितलं. पहारेकऱ्यानं दोन्ही पुतळ्यांना भिंतीकडे तोंड करून, म्हणजे तोंडाची बाजू भिंतीकडे करून उभं केलं होतं आणि कमरेला आपला टॉवेल बांधला होता. टॉवेल एकच असल्यामुळे तो दोघांना मिळून गुंडाळला होता.

"अंथरूण येतंय," नाना म्हणाले.

"येऊ दे. मी आहे अजून थोडा वेळ."

मग तो थोडा वेळ सुरू झाला. नाना फाटकापर्यंत जात आणि परत येत. कर्नलांना फोन लावत. व्यस्त. पुन्हा फाटक. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक टेम्पो आपलाच वाटे आणि तो पुढे निघून जाई. एक तर त्यांनी हात दाखवून थांबवला. त्यात कोंबड्या होत्या. बाकावरच्या बाई प्रत्येक फेरीला पाय बाजूला घेत आणि नाना प्रत्येक फेरीला "माफ करा" म्हणत. शेवटी दोघांनाही त्याचा कंटाळा आला आणि बाई पाय वर घेऊनच बसल्या.

खरं सांगायचं तर या फेऱ्यांमध्ये नानांच्या मनात एक गोष्ट डोकावून गेली. नाहीच आला टेम्पो तर? ऑफिस बंद होईल. खाट त्या नेटक्या मुलीला मिळेल. आणि आपण खारूला घेऊन घरी जाऊ. उद्या सकाळी ती पुन्हा टेबलापाशी बिस्किट झेलत बसेल. नियमच तसा होता म्हणावं, आपण काय करणार! नानांना क्षणभर इतकं हलकं वाटलं की फोन लावायचा ते विसरले.

ते आत आले तर खारू जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती. नखं खाऊन संपली असावीत, कारण हात नुसतेच मांडीवर पडले होते.

"जाऊ द्या बाबा," ती म्हणाली. "बसनं काही फार वाईट नाहीये. आणि झोप लागली तर आता त्या झाडूवाल्याची ओळख आहे."

ती हसली. लहानपणी शर्यतीत शेवटची आली की असंच हसायची, वडिलांना वाईट वाटू नये म्हणून. नानांना मघाच्या हलकेपणाची अशी काही लाज वाटली की कान तापले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग अंगातला काळा कोट काढला, झटकला आणि मुलीच्या हातात दिला.

"जा. खाटेवर अंथर."

"कोट?"

"आतलं अस्तर वर येऊ दे. मऊ आहे ते."

खारू जी पळाली ती तीन-तीन पायऱ्या गाळत. रेक्टरबाई किल्ल्या खुळखुळवत तिच्यामागे वर गेल्या आणि लगेच खाली आल्या.

"कोट आहे तो," त्या म्हणाल्या. "कोट हा कपडा आहे. अंथरूण नव्हे. नियमात बसत नाही."

"का नाही बसत?" नाना म्हणाले. समोर नियम आला की पोस्टातला माणूस जागा होतो. "अंथरूण म्हणजे गादी, असं नियमात लिहिलंय का? सतरंजी? चादर? काही लिहिलंय?"

"अंथरूण म्हणजे अंथरूण! लहान मुलालाही कळतं."

"मग सांगा ना, काय ते!"

"मी कशाला सांगू? तुम्हीच सांगा कोट कसा झाला अंथरूण!"

"चुकतंय तुमचं," बाकावरून आवाज आला.

दोघंही वळली. चष्मेवाल्या बाई उभ्या राहिल्या होत्या. चेहऱ्यावरून दिसत होतं की त्या बराच वेळ गप्प बसायचा प्रयत्न करत होत्या आणि आता त्यांना राहवलं नव्हतं.

"कोणाचं चुकतंय?" रेक्टरबाईंनी विचारलं.

"तुमचं. अंथरतात ते अंथरूण. जसं पांघरतात ते पांघरूण. वस्तू कोणती याचा संबंध नाही. त्यांनी कोट अंथरला, तर त्या घडीला कोट हेच अंथरूण. उद्या त्यांनी तो अंगावर घेतला तर पांघरूण. यात वादाला जागाच नाही."

"आई!" बाकावरची मुलगी किंचाळली.

"मग काय करू?" बाई तिच्याकडे वळून म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र आता बारीक झाला होता. "चूक होतं ना ते. माझ्यासमोर वर्गात कोणी असं म्हटलं असतं तर..." त्यांनी चष्मा काढला आणि त्या खाली बसल्या. आपण काय करून बसलो हे त्यांच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं.

रेक्टरबाईंनी एकदा बाईंकडे, एकदा नानांच्या उघड्या पडलेल्या शर्टाकडे बघितलं. शर्टाच्या पाठीला, कोटाखाली दिसणार नाही म्हणून चालवून घेतलेलं, एक ठिगळ होतं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "ताबा झाला."

खारूनं जिन्यावरून आरोळी ठोकली. नानांना आनंद झाला, पण तो घशाखाली उतरेना. बाकावरची मुलगी वळकटीवर कपाळ टेकवून बसली होती. जिंकल्यावर इतकं ओशाळं वाटेल याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी बाईंना काहीतरी म्हणायचं म्हणून तोंड उघडलं, आणि नेमका तेव्हा टेम्पो आला.

टेम्पोतून आधी दुकानदार उतरला. "माझे जंटलमन कुठायत?" तो ओरडला. त्याच्या नव्या दालनाचं त्या दिवशी उद्घाटन होतं. गिऱ्हाइकं जमलेली असताना त्यानं थाटात गठ्ठा उघडला तर आतून खारूचे ड्रेस, टूथब्रश आणि जुन्या पुस्तकांचा ढिगारा निघाला होता. दुसऱ्या गठ्ठ्यानं तर, शिवण कापताक्षणी, फुगून काउंटर व्यापलं होतं. ती पाहुण्यांची गादी.

"पण शिवण मात्र," दुकानदार जरा थांबून म्हणाला, "आमच्या दोन कात्र्या बोथट झाल्या हो." नानांना त्या दिवशी मिळालेली ही एकच शाबासकी. ती त्यांनी मनात नीट घडी करून ठेवली.

दुकानदार आपले जंटलमन बगलेत मारून गेला, पहारेकऱ्याच्या टॉवेलासकट. पुरुषांना वर जायची बंदी, त्यामुळे गादी मुलींनीच उचलली. डोक्यावर घेऊन त्या जिना चढू लागल्या आणि नाना खालून ओरडू लागले, "डावीकडे! अहो, कोपरा! कठडा सांभाळा!" गादी वळणावर अडकली, सुटली, पुन्हा अडकली. मग वरून खारूचा आवाज आला. "बाबा, खाटेवर बसत नाहीये! दोन्हीकडून लोंबतेय!"

"दुमड!"

"दुमडली की उडून उघडतेय!"

रेक्टरबाई वर जाऊन आल्या आणि जिन्याच्या पायथ्याशी थांबल्या. "खोलीभर पसरलीय ती गादी," त्या म्हणाल्या. "खाली जमिनीवर चार जणी झोपतील." मग त्यांची नजर बाकाकडे गेली. त्या जरा घुटमळल्या. "पाहुणी ठेवायची सोय आहे नियमात. थोडे दिवस. खोलीतल्या मुलीची हरकत नसेल तर. तोपर्यंत खाट सुटतेच एखादी. दरवर्षी कोणी ना कोणी घरच्या आठवणीनं रडत परत जातं."

"हरकत नाही!" खारू वरूनच ओरडली. तिला कोणी विचारलंही नव्हतं. नेटक्या मुलीनं बॅग उचलली, आईकडे एकदा बघितलं आणि धाड धाड वर पळाली. वळकटी खालीच राहिली. ती चष्मेवाल्या बाईंनी कुशीत घेतली आणि बसून राहिल्या. नाना त्यांच्याशेजारी बसले. वरून हसण्याचे आवाज येत होते.

फोन वाजला. "झालं?" बायकोनं विचारलं.

"झालं."

"रडली का?"

"नाही."

"आणि तुम्ही?"

"इथे आवाज नीट येत नाहीये," नाना म्हणाले आणि फोन ठेवला.

मग उगाच थांबण्यात अर्थ नव्हता. खारूनं जिन्यावरूनच "पोचलात की फोन करा" म्हणून सांगितलं होतं. हे वाक्य खरं तर नानांचं होतं, ते तिनं आधीच पटकावलं. नाना फाटकाबाहेर पडले, रस्ता ओलांडला आणि समोरच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. वसतिगृहाला खिडक्याच खिडक्या होत्या, सगळ्या एकसारख्या. त्यांतल्या एकीत, वरच्या मजल्यावर, एक मुलगी उभी होती. चष्म्याच्या काचा ओल्या होऊन धूसर झाल्या होत्या, तरी नानांनी तिला ओळखलं. त्यांनी हात हलवला. तिनंही हलवला.

रस्त्यावर ओरडायची सोय नव्हती म्हणून त्यांनी हातानंच सांगितलं: दाराला कडी घाल. मुलीनं मान हलवली. वेळेवर जेव. मान हलवली. डोळ्यांवर ताण देऊन वाचत बसू नकोस. हे सांगायला त्यांना बरेच हातवारे करावे लागले आणि एका सायकलवाल्यानं वळून बघितलं, पण मुलीला ते कळलं. तिनं पुन्हा मान हलवली आणि पुन्हा हात.

"बाबा, तुम्ही अजून इथेच?"

नाना दचकून वळले. मागे खारू उभी होती. बरोबर ती नेटकी मुलगी. दोघींच्या हातात पिशवी होती. "आम्ही कुलूप आणायला चाललोय," खारू म्हणाली. "तुम्ही कोणाला हात करताय?"

नानांनी वर बघितलं, मग खारूकडे, मग पुन्हा वर. "तुझी खोली..."

"आमची मागच्या बाजूला आहे. तिकडे झाड आहे मोठं. ती कोण आहे?"

नानांना ती कोण आहे हे माहीत नव्हतं. त्यांचा हात हवेत होता तो त्यांनी हळूहळू खाली आणला आणि शर्टाची बाही नीट करू लागले. कोणी बघितलं तर नसेल?

"अहो बाबा, हात का खाली घेतलात?" खारू म्हणाली. "ती बघतेय अजून."

खरंच बघत होती. खिडकीचे गज धरून, जरा पुढे वाकून. नानांनी पुन्हा हात वर केला. संध्याकाळचं वारं सुटलं होतं, म्हणून त्यांनी तिला हातानंच सांगितलं, गार आहे, आत हो आणि खिडकी लावून घे.

तिनं लगेच खिडकी लावली. खारूनं त्यांचं इतकं चटकन कधीच ऐकलं नव्हतं.